मांजराच्या पिल्लाला अंगणात सोडताना

आमच्याकडून मांजराचं पिल्लू नेलेला माणूस आठवड्याच्या आत फोन करतोच, आणि विचारतो ते एकच: "काकी, आता बाहेर सोडू का?" मी उलट विचारते, हाक मारल्यावर येतं का? बहुतेक वेळा पलीकडे शांतता. मग मी सांगते की नाही, अजून नाही. मांजराला बाहेर जायला कोणी शिकवावं लागत नाही, दार बोटभर उघडं राहिलं तरी ते निघतं. शिकवायचं असतं ते परत येणं, आणि तो धडा घराच्या आत असतानाच पक्का करून घ्यायचा.

मी राहते दापोली तालुक्यात, समुद्राच्या अंगाच्या एका गावात. कौलारू घर, पुढे पडवी आणि अंगण, मागे नारळ-पोफळीचं आगर, तीन बाजूंना चिऱ्यांचा गडगा आणि चौथ्या बाजूने पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट. खाली जे लिहिते आहे ते असल्या घरांसाठी. तुम्ही पुण्यात किंवा डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहत असाल आणि खाली रिक्षांचा रस्ता असेल, तर पिल्लाला सोडण्याचा विचारच नको. खिडक्यांना जाळी मारा, गॅलरी बंदिस्त करा, तिथे ऊन येईल असं एक फळकुट ठोका. तेवढ्यात मांजर सुखाने जगतं.

आधी सुया आणि गोळ्या

ट्रायकॅट या मांजरांच्या लसीचा पहिला डोस पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की, आणि पुढचे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत. रेबीजची सुई तिसऱ्या महिन्यानंतर. ट्रायकॅट तीन रोगांवर असते, पण मला धास्ती असते ती त्यातल्या एकाची, पॅनल्युकोपेनियाची. उलट्या, जुलाब, आणि हातातलं पिल्लू दोन दिवसांत जातं. त्याचा विषाणू जमिनीवर, फरशीवर, गोणपाटावर वर्षभरसुद्धा टिकू शकतो आणि आपल्या चपलेला चिकटून घरात येतो. म्हणजे लस पुरी व्हायच्या आत पिल्लाला अंगणातल्या मातीत खेळवणं हा जुगार आहे. शेवटच्या डोसनंतरही मी पंधरवडा थांबते.

आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात गाईबैलांची सोय असते, मांजराची लस डॉक्टरांना सांगून मागवून घ्यावी लागते. तेव्हा पिल्लू घरी आलं त्याच आठवड्यात नोंद करून ठेवा. जंताचं औषध वजनावर असतं, अंदाजाने देऊ नका. डॉक्टरांकडे न्यायच्या आधी पिल्लू पिशवीत घालून किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करून घ्या, कोणी हसत नाही.

दोन गोष्टी दाराला कागद चिकटवून लिहून ठेवाव्यात इतक्या महत्त्वाच्या आहेत. कुत्र्याच्या पिसवांचं औषध मांजराला लावायचं नाही. त्यांतल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं, ते कुत्र्याला चालतं पण मांजराला झटके येऊन जिवावर बेततं. आणि ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल द्यायचं नाही. आपल्या लेकराला चालणारी पाव गोळीसुद्धा मांजराला मारू शकते.

वाटी

आता खरं काम. आमच्याकडे यासाठी एक जुनी पितळी वाटी आहे, तिच्यावर चमचा आपटला की आवाज आगराच्या टोकापर्यंत जातो. वाटी कुठलीही चालेल, पण एकच ठेवा आणि दुसऱ्या कशाला वाजवू नका. पहिल्या दिवसापासून जेवण द्यायच्या आधी वाटी वाजवायची, आणि त्याच सुरात हाक द्यायची. आम्ही "ये गं ये गं ये" म्हणतो. सुरुवातीला पिल्लू समोरच असताना, मग दुसऱ्या खोलीतून, मग ते माळ्यावर झोपलेलं असताना. वाटी वाजली आणि धावत आलं की बक्षीस मिळालंच पाहिजे, एकदाही फसवायचं नाही. बक्षीस म्हणजे चिमूटभर सुकट, बिनमिठाची. खारवलेली मासळी नको. दूधही नको. मांजर आणि दूध ही जोडी गोष्टीतली. दूध पाजलं की बहुतेकांचं पोट बिघडतं.

एक पथ्य घरातल्या सगळ्यांनी पाळायचं. वाटी वाजवून बोलावलेल्या पिल्लाला पकडून आंघोळ घालायची नाही, औषध पाजायचं नाही, पिंजऱ्यात कोंबायचं नाही. ती कामं करायची असतील तर आपण उठून त्याच्याकडे जायचं. आमच्या सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं, मांजर काय, भूक लागली की येतंच. येतं हो. पण भूक लागल्यावर येणारं आणि कुत्रा पाखाडीवर दिसल्याबरोबर बोलावलं की येणारं, यांत एका पिल्लाच्या आयुष्याचा फरक आहे.

दहा वेळा हाक मारली आणि दहाही वेळा आलं, झोपेतून उठून आलं, खेळ सोडून आलं, की फिरवायचा पट्टा बाहेर काढायचा.

हार्नेस

गळ्यात दोरा बांधून मांजर फिरवायचं नाही. घुंगरू ओवलेला सुती दोरा तर मुळीच नको. पिल्लू गडग्यावरून उडी मारतं, दोरा फांदीला अडकतो आणि त्याचा फास होतो. गळपट्टा घालायचाच तर ओढ बसल्यावर आपोआप सुटणाऱ्या कडीचा घ्या आणि त्यावर आतल्या बाजूने फोन नंबर लिहा. शहरात डॉक्टर कातडीखाली चिप बसवून देतात, ती चांगलीच, पण गावात ती वाचायचं यंत्र कोणाकडे? इथे फोन नंबरच कामाला येतो.

फिरवायला छातीभोवती बसणारा हार्नेस हवा. अंगात घातल्यावर पट्ट्याखाली आपली दोन बोटं जेमतेम शिरली पाहिजेत. तीन शिरली तर सैल आहे. सैल हार्नेसमधून मांजर पुढे पळून सुटत नाही, मागे सरकून सुटतं: डोकं खाली, खांदे आवळलेले, पुढचे पाय उलटे, आणि पट्टा कानांवरून निघून हातात. म्हणून घरातच एकदा दोरी किंचित ताणून बघा. ते मागे सरकू लागलं की पट्टा कुठे सरकतो ते तिथल्या तिथे कळेल.

पहिल्यांदा हार्नेस घातल्यावर पिल्लू बहुधा आडवं पडतं आणि लकवा मारल्याचं सोंग करतं. हसू येतं, पण उचलू नका. समोर सुकट ठेवा. आमची आत्ताची ठकी अशीच कडेवर पडून राहिली होती, एका डोळ्याने सुकटीकडे बघत. मग पोट फरशीवर घासत सरपटली, खाल्लं, आणि खाता खाता उभी राहिली. रोज जेवणाआधी थोडा वेळ घालत गेलं की त्यांना त्याचं काही वाटेनासं होतं. पिल्लं लवकर वाढतात, तेव्हा दर आठवड्याला दोन बोटांची परीक्षा पुन्हा घ्यायची.

अंगण पिल्लाच्या उंचीवरून बघा

बाहेर काढायच्या आधी आपण एक फेरी मारायची, वाकून. शक्य असेल तर गुडघ्यांवर.

सर्वांत आधी विहीर. कोकणातल्या कितीतरी विहिरींचा कठडा कमरेएवढासुद्धा नसतो आणि मांजराला तो बसायची जागा वाटतो. वर लोखंडी जाळी हवी. ती बसेपर्यंत माशांचं जुनं जाळं ताणून बांधा. ज्यांच्याकडे जाळी नाही त्यांनी सुंभाचा जाड दोर पाण्यापर्यंत सोडून वरच्या खांबाला घट्ट बांधून ठेवावा, पडलेल्या जनावराला नखं रोवायला काहीतरी मिळतं. पाण्याचे पिंप आणि उघडी टाकीही झाकायची.

मग पातेरा, म्हणजे गळून साठलेला पाला. पोफळीखाली साठलेला पातेरा, रचून ठेवलेले चिरे, झावळ्यांचा ढीग आणि लाकडांची खोप या चारही जागा फुरशाच्या. फुरसं हातभरसुद्धा नसतं आणि मातीत मिसळून जातं. पिल्लाला हलणारी प्रत्येक वस्तू खेळणं वाटते, त्यामुळे नागापेक्षा मला याचीच भीती जास्त. घरापासून दहा-पंधरा पावलांत पातेरा ठेवायचा नाही, चिरे भिंतीला टेकवून रचायचे नाहीत. साप चावल्याचा संशय आला, म्हणजे पाय सुजला, रक्त थांबत नाही, किंवा चाल लटपटते आहे, तर बांधू नका, चिरू नका, मंत्रतंत्रात वेळ घालवू नका. क्रेटमध्ये ठेवून हलू न देता डॉक्टरांकडे न्या, आणि निघतानाच फोन करून सापाच्या विषावरची लस तिथे आहे का विचारा. नसेल तर जिथे आहे तिथेच सरळ जायचं.

झाडं. कण्हेर विषारी, हे सगळ्यांना माहीत असतं. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी कळलावी दिसायला देखणी पण तिचा प्रत्येक भाग विषारी, कंद तर सर्वांत जास्त. हौसेने लावलेलं सायकसही काढा किंवा बंदिस्त करा. कुंडीत लिली असेल तर ती मांजर असलेल्या घरात नकोच. खऱ्या लिलीचे परागकण अंगावर पडले आणि चाटले एवढ्यानेही मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. उंदराचं औषध टाकलेलं असेल तर तेही उचला. तुम्ही टाकलं नसलं तरी शेजाऱ्यांना विचारा, कारण ते खाऊन मेलेला उंदीर तुमच्याच अंगणात येऊन पडतो. आणि आंब्याच्या फवारणीचे दिवस लक्षात ठेवा. मोहोर आला की आजूबाजूच्या बागांतून औषध उडत असतं. पिल्लू ओल्या पानांवरून चालतं आणि घरी येऊन पंजे चाटतं. कलमवाल्यांना सांगून ठेवलं की आदल्या दिवशी कळवतात. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मांजर घरात.

गाडी चालू करायच्या आधी बॉनेटवर थाप मारायची सवय लावून घ्या. थंडीत पिल्लं गरम इंजिनापाशी जाऊन झोपतात.

पहिला दिवस

दुपारी साडेतीन-चारची वेळ मला बरी वाटते. गावातले कुत्रे सावलीला आडवे असतात, शाळा सुटलेली नसते, आणि पिल्लाचं जेवण साडेचारला असतं म्हणून ते भुकेलेलं असतं. भरल्या पोटी कधीच बाहेर काढू नका, मग वाटीला किंमत राहत नाही.

पडवीत एक क्रेट आडवं करून ठेवायचं. आंब्याचं प्लॅस्टिकचं क्रेट असतं ना, तेच. दोन क्रेटं तोंडाला तोंड लावून बांधली की दवाखान्यात न्यायचा पिंजरा झाला. आत त्याच्या अंगाचा वास असलेला जुन्या साडीचा तुकडा. हे त्याचं लपायचं ठिकाण. त्याच कपड्याने चौकट आणि पडवीचे खांब पिल्लाच्या गालाच्या उंचीवर पुसून घ्यायचे, म्हणजे परतीच्या वाटेवर ओळखीचा वास सापडतो. त्याच्या मातीच्या घमेल्यातली मूठभर वापरलेली राख-रेती अंगणाच्या कोपऱ्यात टाका. फार नको, नाहीतर गावातले बोके चौकशीला येतात.

आता एक अट. पिल्लाला उचलून अंगणात नेऊन ठेवायचं नाही. दार उघडायचं, दोरी सैल सोडायची आणि आपण उंबऱ्याच्या आत खाली बसायचं. ते आपल्या पायांनी गेलं तर आलेली वाट त्याला उलटी चालता येते. कडेवरून नेलेल्या पिल्लाला घर कुठल्या बाजूला हेच कळत नाही, आणि घाबरलं की ते भलतीकडे पळतं.

ठकी पहिल्या दिवशी उंबऱ्यावरच थांबली. पुढचे दोन पाय बाहेर, मागचे दोन आत. मिश्या पुढे काढलेल्या, नाक सारखं हलतंय, एक कान पाखाडीकडे आणि एक माझ्याकडे वळलेला. सारवलेल्या अंगणावर एक मुंगळा चालला होता, त्याच्यावर पंजा टाकावा की नाही याचा तिचा विचार चालू होता. तेवढ्यात मागे आगरात एक सुपारी टपकन पडली आणि बाई माझ्या मांडीवरून उडी मारून थेट कपाटामागे. तो दिवस तिथेच संपला. वाटी वाजवली, आली, जेवली. यात वाईट काही नाही. घाबरल्यावर घरात पळाली, म्हणजे जे हवं होतं तेच झालं.

दुसऱ्या दिवशी पडवी, मग पायऱ्या, मग तुळशीपर्यंत. पिल्लू पुढे, आपण मागे. दोरीने ओढायचं नाही. ते गोठून बसलं, शेपूट फुगली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या तर आपण खाली बसून थांबायचं. खरोखरच बिथरलं तर उघड्या हाताने धरू नका. वर जाड टॉवेल टाका आणि टॉवेलासकट उचला. पिल्लाने ओरबाडलं किंवा चावलं तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायची. आपलंच मांजर आहे, त्याला काय होतंय, असं म्हणायचं नाही.

दर वेळी फेरी संपवायची ती वाटीनेच, आणि ते कंटाळायच्या आधी.

दोरी कधी सोडायची

नसबंदीच्या आधी नाही. यावर मी वाद घालत नाही. मादी चार महिन्यांतसुद्धा माजावर येऊ शकते आणि नऊ आठवड्यांत व्याते. मग ती पिल्लं कोणाच्या तरी दारात पोत्यातून सोडली जातात, आणि त्यांतली काही माझ्या पडवीत येतात. बोका असेल तर तो माद्यांच्या मागे मैलभर जातो, मारामाऱ्या करतो आणि चाव्यांतून रोग घेऊन येतो. पाच महिन्यांच्या आसपास डॉक्टरांना दाखवून शस्त्रक्रिया करून घ्या. टाके सुकले आणि मांजर पूर्ववत उड्या मारू लागलं की मग दोरीशिवाय.

पहिल्या मोकळ्या फेऱ्यांना आपण अंगणात हजर पाहिजे. काहीतरी काम घेऊन बसा, मी सोलं उन्हात घालते किंवा तांदूळ निवडते. डोक्यावर लक्ष ठेवा. लहान पिल्लावर घार झडप घालू शकते, कावळे टोळीने येऊन चोची मारतात. माकडांची टोळी आली की सरळ वाटी वाजवून आत. माकडीण पिल्लू उचलून माडावर गेली तर खाली उभं राहून काहीही करता येत नाही. शेजारच्या कुत्र्याची ओळख गेटच्या आडून आणि कुत्रा बांधलेला असतानाच करून द्या. ती मैत्री झाली नाही तरी चालेल, एकमेकांचा वास ठाऊक झाला तरी पुरे.

पावसाळ्यात नवं पिल्लू बाहेर काढू नये असं माझं मत आहे. बिळांत पाणी शिरून साप वर येतात, गवत वाढलेलं असतं, आणि पागोळ्यांच्या आवाजात वाटी ऐकू जात नाही. अंगणात भेक, म्हणजे खरबरीत अंगाचे बेडूक, फिरत असतात. पिल्लाने एखादा तोंडात धरला की तोंडाला फेस येतो. ओल्या फडक्याने जीभ आणि हिरड्या पुन्हा पुन्हा पुसून काढा, आणि फेस थांबला नाही किंवा अंग थरथरलं तर डॉक्टर. गणपती गेले, गवत कापून झालं, नवरात्र आलं की सुरुवात करायला उत्तम दिवस. दिवाळीत मात्र फटाक्यांमुळे चार दिवस कोंडून ठेवायचं. शिमग्यातही तेच, पालखी दारी येते तेव्हा ढोलाच्या पहिल्या थापेला मांजर गावाबाहेर गेलेलं असतं. सलग सुट्ट्या आल्या की मुरुड-कर्द्याकडे जाणाऱ्या गाड्या अरुंद रस्त्यावरून ज्या वेगाने जातात, तो बघता रस्त्यालगतच्या घरांनी त्या दिवसांतही दार लावलेलं बरं.

आणि रात्री घरात. वयात आलेलं, हुशार, दहा वर्षांचं मांजर असलं तरी रात्री घरात. बिबट्या कुत्री उचलायला वाडीत येतो तेव्हा मांजर सोडत नाही. संध्याकाळचं जेवण दिवेलागणीच्या आधी ठेवायचं, ते जेवायला आत आलं की दार लावायचं. सकाळी उजाडताक्षणीही सोडू नका. ती पाखरांची चरायची वेळ. बुलबुलाची नुकती घरट्यातून उतरलेली पिल्लं जमिनीवर बसलेली असतात आणि पोट भरलेलं मांजरही ती मारतं. उन्हं अंगणात आली की सोडा.

नाहीसं झालं तर

धावाधाव करून गावभर ओरडत फिरू नका, त्याने ते आणखी आत शिरतं. नवं पिल्लू सहसा लांब जात नाही. दोन-चार घरांच्या आत कुठेतरी दबा धरून गप्प बसलेलं असतं, हाक ऐकूनही ओ देत नाही. आधी स्वतःचं घर पुन्हा बघा: माळा, धान्याच्या कणगीमागे, बंबाखाली. मग शेजाऱ्यांचे मांगर आणि गोठे, विशेषतः त्या दिवशी उघडून बंद केलेले. कुलूप उघडायलाच लावायचं, "नाही हो, इथे नाही आलं" यावर थांबायचं नाही.

रात्री सगळं निजल्यावर बॅटरी घेऊन एकट्यानेच फिरा. बॅटरी आपल्या डोळ्यांच्या रेषेत धरली तर अंधारात त्याचे डोळे हिरवे चमकतात. वाटी हळू वाजवायची, आणि वाजवून झाल्यावर वाजवली त्यापेक्षा जास्त वेळ थांबून ऐकायचं. पडवीत क्रेट, साडीचा तुकडा आणि थोडी मासळी ठेवून दार किलकिलं ठेवा, आणि कोणीतरी जागं राहा, नाहीतर मासळी बोका खाऊन जाईल.

सापडलं की चार-पाच दिवस बाहेर नाही, आणि मग पुन्हा हार्नेसपासून. त्या दिवसांत ते कुठून निसटलं तेही शोधून काढा. ठकी न्हाणीच्या मोरीतून गेली होती. तिथे आता जाळी बसवली आहे, आणि दर शनिवारी ती काढून घासावी लागते.